पाणी नसलेल्या दिवसाचा फोटो

२०१९च्या ऑगस्टमध्ये सांगलीत पुराचं पाणी उतरलं आणि गल्लीत घोटाभर चिखल उरला, तेव्हा समोरचे स्टेशनरीवाले आमच्या दारात आले. हातात खराटा तसाच होता. म्हणाले, "वहिनी, तुमच्या मोबाईलमध्ये आमच्या दुकानाचा एखादा फोटो आहे काय बघा की. पुराच्या आधीचा." पंचनाम्याला माणसं आली होती. दुकानात काय काय होतं ते दाखवा, म्हणाली होती. बिलांचा लगदा झालेला, वह्यांचे गठ्ठे फुगून रॅकमध्येच अडकून बसलेले, आणि यांच्याकडं दाखवायला काही नाही.

मी मोबाईल उघडला. आठवडाभरात काढलेले चारशेच्या वर फोटो. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाच्या कमानीत चढलेलं पाणी, मारुती चौकातली बोट, गल्लीची झालेली नदी, आणि शटरच्या वरच्या पट्टीपर्यंत बुडालेलं त्यांचंच दुकान, तेही पाच-सहा बाजूंनी. पण शटर वर केलेलं, काउंटरवर पेनांचे डबे मांडलेले, ते स्वतः स्टुलावर पेपर वाचत बसलेले, असं जे दुकान मी एकोणीस वर्षं रोज सकाळी बघत आले त्याचा फोटो नाही. शेवटी २०१७च्या गणपती विसर्जनाच्या एका फोटोत सापडलं. पुढं फेटा बांधलेला माझा भाचा, आणि त्याच्या कानामागून डोकावणारी अर्धी पाटी आणि दीड रॅक. त्या दीड रॅकच्या पुराव्यावर जे मिळायचं ते मिळालं.

तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात बसली आहे. सांगलीकडं पुराचे फोटो लाखांनी असतील, पण पूर नसलेल्या दिवसांचे नाहीत. लग्न, बारसं, विसर्जन, पूर, उद्घाटन, सहल यांचे फोटो आपण काढतो, आणि ज्या साध्या दिवसांत आपलं बहुतेक आयुष्य जातं ते दिवस मागं काही न ठेवता निघून जातात. रोज एक फोटो काढायच्या छंदाकडं मी या बाजूनं बघते. हा छंद एकट्याच्या हौसेपुरता ठेवू नये, गावानं त्याला गावाचं काम मानावं असं माझं म्हणणं आहे. मात्र आज तो ज्या रीतीनं शिकवला जातो, ती रीत मला पटत नाही.

शिकवतात असं. एक जानेवारीला सुरुवात करा, ३६५ दिवस, रोज एक फोटो, रोज काहीतरी नवं. आज सावल्या, उद्या लाल रंग, परवा थेंब. त्यानं नजर तयार होते, सर्जनशीलता वाढते, हा म्हणे फोटोचा रियाज. मीही २०१८ साली करून बघितलं होतं. महाशिवरात्रीपर्यंत माझा लाल रंग संपला आणि थेंबही संपले. रोज सकाळी उठून आज काय नवं या काळजीनं चहा गोड लागेना, आणि त्या दीड महिन्यात काढलेलं एकही चित्र पुन्हा उघडून बघावंसं वाटलं नाही.

रियाज म्हणायचं असेल तर मिरज आमच्या शेजारी आहे, जाऊन ऐकावं. गाणं शिकणारं पोर रोज नवा राग घेऊन बसत नाही. तोच पलटा, तोच सूर, महिनोन्‌महिने घासतं. घरातल्यांना वीट येतो, त्याला स्वतःला येतो, आणि त्या विटाच्या पलीकडं कधीतरी त्याला दोन सुरांमधली जागा ऐकू यायला लागते. रोज नवा विषय शोधणं हा रियाज कसला, ती रोजची मैफल झाली, आणि रोज मैफल करणाऱ्याचा गळा बसतो हे गाणारे सांगतील.

पूर गेल्यावर मी दुसरी रीत धरली. १ जानेवारी २०२० पासून आमच्या गॅलरीतून, कठड्याच्या त्याच खिट्टीला मोबाईल टेकवून, सकाळी आठ वाजता, समोरच्या गल्लीचा एकच फोटो. नोकरीची बहुतेक वर्षं मी बँकेत कॅश काउंटरवर काढली, त्यामुळं रोज संध्याकाळी टॅली झाल्याशिवाय उठायचं नाही ही सवय अंगात मुरलेली. आवडलं म्हणून काढला, कंटाळा आला म्हणून सोडला, असं कॅशमध्ये चालत नाही. फोटो चांगला येतो की वाईट, हा प्रश्न मी पहिल्याच आठवड्यात सोडून दिला. खालून एकदा दूधवाल्यानं विचारलं, "रोज काय काढालाय ओ वरनं? काय हाय तिथं?" काही नाही, म्हटलं. तेच काढते.

यात सर्जन कुठं आलं, असं फोटोग्राफीच्या क्लासला जाणारा माझा भाचा विचारतो. त्याला मी दादासाहेब फाळक्यांचा वाटाणा सांगते. 'राजा हरिश्चंद्र' १९१३चा. त्याच्या आधी फाळक्यांनी एका कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि महिन्याहून अधिक काळ रोज थोडं थोडं चित्रण केलं. सगळं जोडून जेमतेम मिनिटभराचा चित्रपट झाला. बी फुटतं, कोंब वर येतो, वेल होते. सिनेमा काढायला पैसे लावू इच्छिणाऱ्यांपुढं त्यांनी ठेवलं ते हे. एका नाशिककर माणसानं आपल्या सिनेमाचा पाया घातला तो कुंडीपुढून कॅमेरा न हलवता. त्यातलं सर्जन दोनच ठिकाणी आहे. कॅमेरा कुठं ठेवायचा हे ठरवण्यात, आणि ठरल्यावर हात आवरण्यात. पुढचं काम वाटाण्यानं केलं.

बाहेरही ज्यांच्या रोजच्या फोटोंचं नाव झालं ती माणसं बघा. न्यूयॉर्कच्या जेमी लिव्हिंगस्टननं ३१ मार्च १९७९ पासून रोज एक पोलरॉइड काढला. त्या कॅमेऱ्यातून कागद लगेच बाहेर येतो आणि प्रत्येक कागदाला पैसे पडतात, म्हणून दिवसाला एकच, बरावाईट जो येईल तो. जेवणाचं ताट, मित्र, रस्ता, खोली. शेवटच्या काही महिन्यांत दवाखाना येतो, लग्न येतं, आणि २५ ऑक्टोबर १९९७ला, वयाच्या ४१व्या वाढदिवशी तो गेला तिथं फोटो थांबतात. साडेसहा हजारांच्या वर भरले. एकेक बघितला तर त्यातले बरेचसे कुणी भिंतीवर लावणार नाही. बोस्टनच्या कार्ल बेडननं तर फेब्रुवारी १९८७ पासून रोज स्वतःचाच चेहरा टिपला, तसाच समोरून, तसाच उजेड. चार वर्षांनी एक दिवस विसरला, आणि ती हुकलेली तारीख तो आजही सांगतो म्हणतात. मला हा माणूस कॅशियर वाटतो.

माझे हुकलेले दिवस त्याच्याहून पुष्कळ जास्त. २०२१च्या जुलैत पुन्हा पाणी आलं, चार दिवस मी गॅलरीतून काढत राहिले, पाचव्या दिवशी आम्ही विश्रामबागला बहिणीकडं गेलो. पुढचे सहा दिवस कोरे आहेत. बाहेरून कुणी बघेल तर त्याला कोऱ्या जागेवरूनच कळेल की पाणी किती आलं असेल.

आता या आडमुठेपणातून मिळालं काय ते सांगते, कारण युक्तिवाद त्यावर उभा आहे.

पहिल्या वर्षी कळलं ते फार मोठं नव्हतं. डिसेंबरात आठ वाजता उन्हाची तिरीप दुकानाच्या पाटीवर पडते, मे महिन्यात तीच सरकत शेजारच्या वाड्याच्या दिंडीवर जाते. उत्तरायण, दक्षिणायन पंचांगात आयुष्यभर वाचलं होतं, भिंतीवर चालताना पहिल्यांदा दिसलं. २१ मार्च २०२० आणि २२ मार्च, म्हणजे जनता कर्फ्यूचा दिवस, हे दोन फोटो शेजारी ठेवले की पोरं मोबाईल हातातून सोडत नाहीत. खांबावरच्या वायरी दर वर्षी जाड होत गेल्या. दूधवाल्याची मोटारसायकल जाऊन विजेची गाडी आली. ठीक आहे, गंमत आहे.

गंमत संपली ती तिसऱ्या वर्षी. पावसाळ्यात एके दिवशी स्टेशनरीवाले म्हणाले की साध्या वळिवालाही आता पाणी उंबऱ्याशी येतंय, पूर्वी येत नव्हतं. कुणी विश्वास ठेवत नव्हतं. पाणी बघून बघून माणूस भ्याला आहे, असं त्यांच्या मुलालाच वाटायचं. मी मालिका उघडली आणि पायऱ्या मोजल्या. जानेवारी २०२०च्या फोटोत रस्त्यापासून दुकानाला तीन स्वच्छ पायऱ्या आहेत. तिसऱ्या वर्षी अडीच. आज दोन, आणि तिसरीची बोटभर कड. दुकान खचलेलं नाही, रस्ता वर आला आहे. नवा थर टाकताना जुना खरवडून काढायचा असतो. तसं न करता वरच्यावर टाकत गेलं की रस्ता घरात शिरायला निघतो. शिवाय त्यांच्या दोन्ही बाजूंच्या घरांनी पुरानंतर दुरुस्ती करताना जोतं उचलून घेतलं, एकानं दोन फूट, दुसऱ्यानं त्याहून जास्त. पुरात दोनदा भिजलेला माणूस तसं करणारच, त्यांना बोल लावता येत नाही. पण एकेक फोटोत न दिसलेलं ओळीनं बघताना दिसलं. गल्लीतली सगळ्यात खालची जागा आता समोरचं दुकान आहे. २०१९ला ती नव्हती.

ही एका गल्लीची गोष्ट. आता गाव डोळ्यांपुढं आणा. आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ला धोका, हे इथलं शेंबडं पोर सांगतं. ४०च्या आसपास सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रोडची माणसं सामान बांधायला लागतात. "कोयनेतनं किती सोडलं?" हा पावसाळ्यातला आपला रामराम असतो. २०१९ला पातळी ५७ फुटांच्या पुढं गेली आणि २००५चा पूर मागं पडला. मग आपण भांडतो, अलमट्टी धरण की कोयना, पाऊस की पुलांचे भराव. भांडण जरूर व्हावं. पण गावाच्या आत काय बदललं, याचा आपल्याकडं डोळ्यांनी बघता येईल असा पुरावा कुठं आहे? पुराचं पाणी पसरायला आणि मागं सरकायला जागा देणाऱ्या ज्या सखल पट्ट्यांना आपण ओत म्हणतो, त्यांत मुरमाचे डंपर रिकामे होत गेले हे सगळ्यांनी पाहिलं आहे. कुठल्या साली, कुठल्या बाजूनं, किती, हे विचारलं की जो तो हवेत हात करतो. पूररेषा नकाशावर आहेत. २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. नकाशावरची रेषा जागेवर कशी ओलांडली जाते ते मात्र नकाशात दिसत नाही. ओताच्या काठावर राहणाऱ्या एखाद्या आजीनं आपल्या मागच्या खिडकीतून दहा वर्षं रोज एक फोटो काढून ठेवला असता, तर तो कुठल्याही अहवालाच्या तोंडात मारण्यासारखा असता.

"असता" म्हणावं लागतं, दुखणं तेच आहे. माझं माहेर हरिपूर. वडील हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते. हळद ठेवायची पेवं आमच्या भोवती जमिनीत होती. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, आत पोट मोठं. पेव फोडलं की लगेच कुणी उतरायचं नाही. तोंड उघडं टाकून तासन्‌तास थांबायचं, मग कंदील सोडायचा. ज्योत राहिली तर आत हवा आहे, तेव्हा माणूस उतरायचा. हे मी लहानपणी इतक्यांदा बघितलं की ते बघण्यासारखं आहे असं कधी वाटलंच नाही. आमच्या घरच्या अल्बममध्ये मुंजी आहेत, स्टुडिओतल्या पडद्यापुढचे आईवडील आहेत, संगमेश्वराच्या श्रावणातल्या यात्रेत पाळण्यात बसलेली मी आहे. पेवाचा एकही फोटो नाही. छत्तीस फोटोंचा रोल, तो धुवायचा खर्च, त्यातला एक जमिनीतल्या भोकावर कोण घालवणार? २००५च्या पुराचं पाणी पेवांत शिरलं, हळद गेली आणि पेवंही गेली. तेव्हा कॅमेरे आले. आज थोडी उरली आहेत, त्यांच्यावर व्हिडिओ निघतात. सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं २०१८ला. कंदील सोडणाऱ्या माणसाचा हात मात्र माझ्या डोक्यातच आहे, आणि डोकं आता साठीचं झालंय.

तेव्हा रोल महाग होता, ही सबब खरी होती. आज फोटो फुकट आहे आणि तरी आपण तेच करतो. साताऱ्याला कासच्या पठारावर जाऊन बघा. जागतिक वारसा यादीत पश्चिम घाटाबरोबर २०१२ला त्याचं नाव लागलं. ऑगस्ट ते ऑक्टोबर रोज इतकी माणसं जातात की संख्येवर बंधन घालावं लागलं. फुलांचे फोटो काढून होतात, मग फुलांत बसून स्वतःचे. माझी एक साताऱ्याची मैत्रीण मात्र मे महिन्यात वर जाते. काळा, भाजलेला, टणक कातळ, एक हिरवं पातं नाही. ती म्हणते, हा कातळ बघितल्याशिवाय फूल कळत नाही, कारण बोटभर मातीवर उगवलेलं ते फूल आहे. तिचा फोटो आमच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर आला तेव्हा खाली कुणीतरी विचारलं होतं, "हे कुठलं खाणीचं आहे काय?"

आता विरुद्ध बाजू. पहिला आक्षेप हा की सगळेच एवढे फोटो काढतात, तुमच्या एकाची काय मातब्बरी. त्याचं उत्तर माझ्या चारशे फोटोंनी दिलेलं आहे. सगळे काढतात ते एकाच आठवड्याचे. दुसरा, चौकाचौकात सीसीटीव्ही आहेत. आहेत, पण त्यातलं चित्रण जागा भरली की आपोआप पुसलं जातं. चोरी शोधायला ते ठीक आहे, गाव समजून घ्यायला निरुपयोगी. या दोन्हींवर मी जास्त वेळ घालवत नाही.

तिसऱ्यावर घालवायला हवा, कारण तो आक्षेप माझ्या घरी चालत आला. २०२२च्या उन्हाळ्यात गल्लीतलेच एक गृहस्थ संध्याकाळी आले. बसले, पाणी प्यायले, इकडचं तिकडचं झालं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुम्ही रोज आठला फोटो काढता म्हणे. आमची पोरगी त्याच वेळेला क्लासला जाते. कोपऱ्यावर कुणाबरोबर थांबलेली दिसते काय, जरा बघता काय?" मी त्या मुलीला परकर-पोलक्यात असल्यापासून ओळखते. आणि हो, ती दिसते. कोपऱ्यावरच्या खांबाशी, पाठीला बॅग. काही फोटोंत एकटी आहे, काहींत नाही.

"मोबाईल बदलला, फोटो गेले सगळे," मी म्हणाले. आयुष्यभर पैशाच्या काउंटरवर बसून एवढं सरळ खोटं कधी बोलले नव्हते.

त्या रात्री मला स्वतःच्या छंदाची भीती वाटली. एक फोटो निरुपद्रवी असतो. त्याच जागेचे, त्याच वेळेचे दोन वर्षांचे फोटो म्हणजे पाळत झाली, माझ्या मनात तसं नसलं तरी. ज्या गुणामुळं पायरी दिसली त्याच गुणामुळं ती पोरगी दिसली. रस्त्यावर फोटो काढायला आपल्याकडं सरसकट बंदी नाही, पण खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ला सांगितलेलं आहे, आणि न्यायालयानं सांगितलं नसतं तरी कोपऱ्यावर उभं राहून दोन मिनिटं कुणाशी बोलायचा हक्क त्या मुलीला होताच. बाईमाणसाला तर तेवढीच दोन मिनिटं मिळतात.

दुसऱ्या दिवसापासून मी वेळ बदलली. पावणेसातला काढते, क्लासची पोरं निघायच्या आधी. थंडीत उजेड कमी पडतो, चित्र निळसर येतं. जुन्या फोटोंतले ज्यांत चेहरे ओळखू येतात ते वेगळे काढून कुणाला न दाखवायच्या फोल्डरमध्ये ठेवले आहेत. यात मी काहीतरी गमावलं हे मान्य करते. दूधवाला सोडला तर माझ्या गल्लीत आता माणसंच नाहीत, आणि माणसाशिवायची गल्ली ही अर्धी नोंद झाली. पण रोजचा फोटो गावाच्या कामाचा व्हायचा असेल तर जागेवर डोळा ठेवावा, माणसावर नको, ही अट मी सोडायला तयार नाही. कुणी याहून चांगली वाट काढली तर मी पुन्हा आठला उभी राहीन.

मग गावानं करायचं काय? स्पर्धा तर अजिबात नको. १९ ऑगस्ट हा जागतिक छायाचित्रण दिन. १८३९ साली त्या तारखेला फ्रेंच सरकारनं दागेरची फोटोची रीत जगाला खुली केली. आपल्याकडं ती तारीख नेमकी पुराच्या हंगामात येते. स्पर्धा ठेवली की आयर्विन पुलाच्या कमानीतून मावळणारा सूर्य पहिला, गणपती मंदिराची दीपमाळ दुसरी, आणि उत्तेजनार्थ घाटावर हसणारं उघडं पोर. हे मी इतकी वर्षं बघतेय. बक्षीस लावलं की माणूस वेगळा दिवस शोधायला लागतो, आणि आपल्याला पाहिजे तो वेगळा नसलेला दिवस. तेच लाइकचं. माझ्या फोटोला एकदा तीन लाइक आले, त्यातला एक माझाच होता.

पाहिजे ती जागांची वाटणी. शेरीनाल्याचं तोंड, सरकारी घाटाच्या पायऱ्या, हरिपूरचा संगम, ओतांचे काठ, शाळांची फाटकं, पेठेतला एखादा चौक. अशा तीस-चाळीस जागा, आणि प्रत्येकीला तिथंच राहणारा एक माणूस, ज्याच्या खिडकीतून किंवा दारातून ती दिसते. पोरगं, पेन्शनर, टपरीवाला, कुणीही. कॉलेजच्या भूगोल विभागानं याद्या सांभाळाव्यात आणि वाचनालयानं वर्षाअखेरीस फोटो जमा करून घ्यावेत. हिमनद्या किती मागं हटल्या हे शास्त्रज्ञ त्याच जागी उभं राहून पुन्हा पुन्हा काढलेल्या फोटोंवरून सांगतात. आपल्याला हिमनदी नाही, पायरी आहे.

जागेचा आणि पैशाचा बाऊ करू नये. मोबाईलचा एक फोटो ४ एमबी धरला तर वर्षाचे ३६५ दीड जीबीच्या आत बसतात. गूगलनं १ जून २०२१ पासून फुकटची अमर्याद जागा बंद केली तेव्हा सगळे हळहळले, पण उरलेल्या १५ जीबीत एका गल्लीची दहा वर्षं मावतात, जर त्यात रोजचे सुप्रभात भरलेले नसतील तर. एक खबरदारी मात्र घ्यायची. व्हॉट्सअॅपवरून साधा पाठवलेला फोटो दाबला जातो आणि त्याच्या पोटातली तारीख, वेळ, जागा गळून पडते. गावाची नोंद तशी गोळा केली तर दहा वर्षांनी हातात बिनतारखेची चित्रं उरतील. डॉक्युमेंट म्हणून पाठवावा, नाहीतर पेनड्राइव्हवर द्यावा, आणि फाइलचं नाव तारखेनंच सुरू करावं. महिन्याला एक याप्रमाणे बारा फोटो कागदावर छापून ठेवावेत. कागद कुठं ठेवायचा हेही सांगायला हवं, कारण २०१९ला इथल्या वाचनालयाची हजारो पुस्तकं पाण्यात गेली. तो वरच्या मजल्यावर ठेवावा.

परवा मी स्टेशनरीवाल्यांना त्यांच्या दुकानाचा फोटो मोठा छापून दिला. शटर वर, पेनांचे डबे ओळीत, स्टूल, पेपर, खाली दोन पायऱ्या आणि कड, कोपऱ्यात तारीख. या एकासाठी वेळ मोडली, त्यांना विचारून दहा वाजता काढला. चष्मा लावून त्यांनी तो बराच वेळ बघितला, वरच्या रॅकमधले रंगपेटीचे बॉक्ससुद्धा मोजले. आठवड्यानं सहज विचारलं, कुठं लावलात?

"लावतोय कशाला, धूळ बसती. नीट ठेवलाय बघा, प्लॅस्टिकमध्ये घालून. गल्ल्याच्या खालच्या कप्प्यात."

२०१९ला दुकानात पाणी शिरलं तेव्हा पहिल्यांदा भिजला तो हाच कप्पा. मी दुसरी प्रत छापायला टाकली आहे.